सगुणाआत्यावरचा संशय

दादा,

तुझं नवं पुस्तक आलं. शेवटची प्रकरणं तू लिहिलेली नाहीस, मीही लिहिलेली नाहीत, तरी पुठ्ठ्यावर तुझंच नाव आहे. आणि लोकांना ते तुझ्या आजवरच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त आवडलं आहे. हे मी कुणाशी बोलू? या घरात बोलायला तू होतास.

लोक म्हणतात, यमुनाबाई, भावाविषयी काहीतरी लिहा. जन्म कुठला, शिक्षण किती, कोर्टात कारकुनी किती वर्षं केली, पहिली कादंबरी कोणती. ते सगळं वर्तमानपत्रांनी छापलं, त्यातलं निम्मं चुकीचं. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलास.

वहिनी गेल्यापासून घरात आपण दोघंच. मी कन्याशाळेतून परत यायची, पदर खोचून चूल पेटवायची, चहा व्हायचा, आणि तू ओसरीवरच्या आरामखुर्चीत मान मागे टाकून विचारायचास, “आलं का काही टपाल?” तुझे डोळे तोवर पुरते गेले होते. कोर्टातल्या नकला करून करून गेले असं तू म्हणायचास; डॉक्टर काचबिंदू म्हणाले. तू सांगायचास आणि मी लिहायचे. तुझा मार्तंडराव गुप्तहेर छपरावरून उडी मारत असायचा, मी टाक दौतीत बुडवत असायचे, आणि मधेच गिरणीचा भोंगा झाला की तू म्हणायचास, “थांब, त्याला जरा छपरावरच राहू दे.” मग आपण भाकरी खायचो. मार्तंडराव छपरावर.

टपालाची गंमत काय होती, दादा! माळशिरसच्या त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, तुमच्या कादंबरीतलं विष मी उंदरावर करून पाहिलं, उंदीर मेला नाही, उलट धष्टपुष्ट झाला. तू दोन दिवस हसत होतास. बार्शीच्या वकिलांनी कायद्याचं कलम चुकल्याचं दाखवून दिलं, आणि खाली बारीक अक्षरात विचारलं, पुढचा भाग कधी? वैरागच्या एका बाईंनी लिहिलं की मी तुमची पुस्तकं पोथीच्या बासनात गुंडाळून ठेवते, सासूबाईंना वाटतं सून धार्मिक झाली. त्या पत्रावर तू हसला नाहीस. म्हणालास, “यमू, त्यांना उत्तर लिही. म्हणावं, पुढच्या पुस्तकात खून जरा कमी करतो. पोथीला शोभेलसं.”

आणि साखर पेठेतली ती संध्याकाळ. तेलुगू विणकरांच्या आळीत मागांवर काम चालू असताना एकजण तुझी कादंबरी मोठ्यानं वाचतो असं आपल्याला कुणीतरी सांगितलं. मी तुझा हात धरून घेऊन गेले. आपण भिंतीशी उभे राहिलो. आत खटक खटक माग चालले होते आणि त्यावरून एका माणसाचा आवाज येत होता. तो मराठी वाचत होता आणि तोंडानं तेलुगूत सांगत होता, आणि मधेच सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत तू माझं मनगट असं घट्ट धरलंस! “आता दार उघडलंय,” तू कुजबुजलास. भाषा येत नव्हती, पण आपलं प्रकरण कुठं पोचलंय ते तुला माग थांबल्यावरून कळलं. घरी येताना म्हणालास, “तेलुगूत माझा मार्तंड जास्त शूर वाटतो, नाही?” मी तुला इतकं सुखी फार थोड्या वेळा पाहिलं.

वर्तमानपत्रांनी मात्र तुला कधी सुख दिलं नाही. पुण्याच्या त्या साप्ताहिकानं तर विडाच उचलला होता. प्रत्येक पुस्तकावर अर्धं पान. ही कसली वाङ्मयसेवा, तरुणांच्या हाती सुरी देण्याचा हा धंदा, भाषा कारकुनी, कल्पना उसन्या. मी ते वाचून दाखवायचे. एकदा मला वाचवेना, मी एक वाक्य सोडून पुढे गेले. तू डोळे मिटून ऐकत होतास. म्हणालास, “मधलं राहिलं.”

“काही नाही राहिलं.”

“तुझा श्वास अडला, यमू. तू वळण घेतलंस. वाच.”

मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की या लेखकानं आयुष्यात एक माणूस धड पाहिलेला दिसत नाही. तू ते वाक्य पुन्हा वाचायला लावलंस. मग फक्त एवढंच म्हणालास, “हे आता पाठ झालं.”

मी तुझ्या वतीनं उत्तर लिहायला तयार होते. रोज म्हणायचे, लिहूया. तू नाही म्हणायचास. आमच्या शाळेत साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी मुलींसमोर भाषण केलं, हल्ली खुनाच्या कादंबऱ्यांनी घराघरांत विष कालवलंय म्हणून. मी मागे भिंतीशी उभी होते, बोटांना शाई लागलेली. त्याच दिवशी सकाळी मी तुझ्या तोंडून एक खून उतरवून घेतला होता. भाषण झाल्यावर मुख्याध्यापिकाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “यमुनाबाई, मनाला लावून घेऊ नका. आणि ते मागच्या महिन्यातलं पुस्तक माझ्याकडे राहिलंय, माझं वाचून व्हायचंय अजून.” घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा तुला हसू येईल असं वाटलं होतं. पण तू विचारलंस, “भाषण चाललेलं असताना तू काय केलंस?”

“उभी होते.”

“कुणी तुझ्याकडे बघितलं?”

“मुली बघत होत्या. बाकी कोण बघणार?”

तू मान हलवलीस. मला वाटतं, तिथूनच सुरू झालं ते.

सगुणाआत्या तुझ्या प्रत्येक पुस्तकात होती. मार्तंडराव दमूनभागून यायचा आणि आत्या त्याला जेवायला वाढायची. गरम भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. विधवा बाई, भावाच्या घरात राहणारी, कमी बोलणारी. सगळा गाव तिच्या ओट्यावर येऊन बसायचा, बोलायचा, आणि ती ऐकत असायची. वाचकांचा तिच्यावर किती जीव! संक्रांतीला तिच्या नावानं तिळगूळ यायचा आपल्याकडे. आपल्या गावच्या गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या बायका घर विचारत यायच्या आणि मला म्हणायच्या, आत्या खरंच आहेत का हो? मी म्हणायचे, नाही हो, पुस्तकातल्या आहेत त्या. तू आतून ऐकत असायचास. एकदाही मधे बोलला नाहीस.

आणि मग या शेवटच्या पुस्तकाचं निम्मं लिहून, मासिकातून छापूनही झाल्यावर, त्या उन्हाळ्याच्या दुपारी, मी पाण्याचा तांब्या ठेवत होते आणि तू म्हणालास, “खून आत्यानं केलाय.”

मला वाटलं थट्टा आहे. “कुठल्या आत्यानं?”

“आपल्या. सगुणाआत्यानं. दुधात घातलं तिनं.”

“दादा, काहीतरीच बोलू नकोस.”

“पहिल्यापासून तीच आहे. घरात खून झाला, दहा माणसांवर संशय आला, आणि दूध घेऊन गेलेल्या बाईचं नाव एकाच्या तोंडी आलं नाही. वाचकाच्याही मनात येणार नाही. का येणार नाही? तिच्याकडे कुणी बघतच नाही म्हणून.”

“पण तिनं का मारावं? तो तिचा सख्खा भाऊ. त्यानं तिचं काय वाईट केलं?”

“काही नाही. वीस वर्षं तिनं वाढलं आणि तो जेवला. तू जेवलीस का, असं त्यानं एकदा विचारलं नाही.”

“एवढ्यासाठी कुणी कुणाला मारतं?”

“एवढ्यासाठीच मारतात,” तू म्हणालास. “मी जबान्यांच्या नकला केल्यात, यमू. मोठमोठी कारणं वकील शोधून काढतात.”

मी चिडले. इतकी चिडले की माझं मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, लोक तुला माफ करणार नाहीत. म्हटलं, ज्या बायका पोथीत लपवून वाचतात त्यांच्या तोंडावर तू मारतो आहेस. पुस्तकं दुकानात परत येतील, घरावर दगड येतील. तू शांतपणे म्हणालास, “येऊ देत. आजवर लोकांना हवं ते दिलं. एकदा मला दिसलेलं लिहू दे. धड पाहिलेला एक माणूस.”

“आणि पकडली गेल्यावर ती काय बोलते?” मी टाक खाली ठेवून विचारलं. मला तुला अडवायचं होतं. “बोल ना. मार्तंडराव समोर उभा राहतो, म्हणतो, आत्या, हे तुम्ही केलंत. मग ती काय म्हणते?”

तू खुर्चीच्या हातावर बोटं वाजवलीस. “ते अजून सापडलं नाही मला,” म्हणालास. “सापडलं की सांगतो.”

त्यानंतर आपण रोज वाद घातला. भाजी निवडताना, तुझं धोतर वाळत घालताना, शाळेला निघताना दारातून मागे वळून. आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न माझ्या ओठांवर यायचा. दादा, सगुणा म्हणजे मी का रे? मी विचारलं नाही. तू हो म्हणाला असतास तर मी काय करणार होते? आणि नाही म्हणाला असतास तर? दोन्ही उत्तरांची मला भीती होती. वाटलं, पुस्तक पुरं होऊ दे, मग विचारू. घाई काय आहे.

मग तुला ताप आला. साधा ताप, म्हटलं, उन्हाचा. डॉक्टरांनी छाती तपासली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या आठवड्यात तू फारसा बोललाच नाहीस, बोललास ते कोर्टातलं जुनंपुराणं. मी कपाळावरची पट्टी बदलत होते आणि मनात सारखं म्हणत होते, आता सांग, काय म्हणते ती, सांगून टाक. मला लाज वाटते हे लिहायला, पण तुझ्या श्वासाकडे कान लावून मी एका वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही. भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, तू गेलास.

तू गेल्यावर कोण कोण आलं ते तुला सांगायला हवं. साखर पेठेतले विणकर आले, माग बंद ठेवून. कोर्टातले आले. तुला कधीही न पाहिलेली माणसं आली, आपापली दुकानं सोडून, तालुक्याच्या गाड्या पकडून. ओसरीवर जागा उरली नाही. आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि प्रत्येकजण जाताना जरा रेंगाळून, आवाज खाली आणून मला विचारत होता, “बाई, खुनी कोण हो?”

मला किंचाळावंसं वाटत होतं. माझा भाऊ गेला आहे आणि तुम्हाला खुनी पाहिजे! पण मग वाटलं, तुला हे ऐकायला फार आवडलं असतं. तू खुर्चीतून उठून बसला असतास.

पुण्याहून तुझे प्रकाशक गोविंदराव आले. रडले. खरंच रडले ते, खोटं कशाला बोलू. मग डोळे पुसून म्हणाले, झालेली प्रकरणं छापून तयार आहेत, उरलेली तुम्ही लिहा, यमुनाबाई, त्यांचा हात तुम्हीच होतात. मी त्यांना तुझा शेवट सांगितला. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “बाई, दुःखानं तुमच्या मनाचा तोल गेलाय. सगुणाआत्या? लोक मला रस्त्यात गाठतील.” मी म्हटलं, हाच शेवट असेल, नाहीतर पुस्तक आहे तिथं थांबेल. त्यांनी चहा संपवला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.

मी प्रयत्न केला, दादा. शाळेला सुट्टी होती, मी तुझ्या खुर्चीत बसले, मांडीवर कागद घेतला. मार्तंडरावाला आत्यासमोर उभं केलं. त्यानं विचारलं. आणि पुढं काही येईना. दिवसामागून दिवस मी बसायचे. एवढी वर्षं वाढत आलेली ती बाई, अखेर तिला कुणीतरी विचारलंय, आता तिनं बोलायचं आहे. आणि मला तिच्या तोंडचं एक वाक्य सुचेना. मला सुचेना! जगात दुसऱ्या कुणाला सुचावं ते?

मी लिहिलं नाही म्हणून गोविंदरावांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं. मला कळवलंही नाही. पुस्तक टपालानं आलं, वर छान काळी चौकट, आत तुझा फोटो. मी उभ्याउभ्या शेवट वाचला. खून कुणा सावकाराच्या मुनिमानं केला आहे. आत्यावर खोटा आळ येतो, मार्तंडराव तो धुऊन काढतो, आणि आत्या देवापुढं दिवा लावून सगळ्यांना पुरणपोळी वाढते. मार्तंडराव तिच्या पाया पडतो. वाईट लिहिलेलं नाही. वाईट असतं तर बरं झालं असतं.

आणि आता त्या पुण्याच्या साप्ताहिकानं काय लिहिलंय ऐक. अर्धं नाही, पूर्ण पान. लेखकानं जाता जाता आपली लेखणी शुद्ध केली म्हणे. सगुणाआत्येच्या रूपानं महाराष्ट्राच्या गृहिणीची मूर्ती घडवली. शेवटचं प्रकरण या प्रकारच्या वाङ्मयात अपूर्व आहे. मी ते ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं, तुझ्या खुर्चीकडे तोंड करून, एकही ओळ न गाळता. आमच्या शाळेत परवा ते पुस्तक बक्षीस म्हणून द्यायचं ठरलं. ज्या साहेबांनी भाषण केलं होतं त्यांच्याच सहीनं.

मी साप्ताहिकाला पत्र लिहायला घेतलं होतं, हा शेवट माझ्या भावाचा नाही म्हणून. पण लिहून काय म्हणू? तुझं सर्वात जास्त गाजलेलं प्रकरण तुझं नाही, हे मीच गावभर सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला मान मीच तुझ्या हातून काढून घेऊ? पत्र अर्धवट राहिलं. या घरात सगळंच अर्धवट राहायला लागलंय.

काल दुपारी दारात एक धनगर आला, साठीचा असेल. मागे त्याची बायको. खांद्यावर घोंगड्यांची चवड.

“मास्तरीणबाईंचं घर ह्येच न्हवं?”

“हेच. काय हवंय?”

“कायबी नगं. आमी सांगोल्याकडचं. मायाप्पा माजं नाव. बाजाराला आलो हुतो, म्हटलं बाईंच्या पाया पडून जावं.” तो ओसरीच्या पायरीवरच बसला. “आमच्या वस्तीवर एकजन वाचतो, बाकी समदी आयकत्यात. दादांची झाडून समदी पुस्तकं आयकल्यात. आन् ह्ये शेवटचं... लई ग्वाड केलं बगा. आत्यावर आळ आला तवा माज्या मालकिनीला दोन दिस जेवान ग्वाड लागलं न्हाई. आता निवांत झाली.”

त्याची बायको पदराआडून हसली.

मी त्या दोघांकडे बघत होते, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेले. म्हटलं, मायाप्पा, तो शेवट माझ्या भावाचा नाही. त्याच्या मनात वेगळा होता. दुधात विष आत्यानंच घातलं होतं.

त्यानं खांद्यावरची चवड खाली ठेवली. बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“न्हाई बाई,” तो हळू म्हणाला. “तुमची कायतरी गल्लत हुतीया.”

“मी त्याची सख्खी बहीण आहे. लिहून घेणारी मीच होते.”

“असाल की. न्हाई कोन म्हनतंय? पर आमीबी वळखतो की त्यास्नी. आत्या असं करायची न्हाई, आन् दादा तिला करू द्यायचे न्हाईत.” मग त्यानं विचारलं, “ह्ये आनखी कुनाला बोललासा?”

“नाही.”

“मग नगा बोलू, बाई. हात जोडतो. बायामानसांनी त्या आत्याला जीव लावलाय. त्यास्नी काय सांगू आमी?”

मी म्हटलं, नाही सांगणार. त्यानं चवडीतून एक घोंगडी काढून ओसरीवर ठेवली, मी नको नको म्हणत असताना. दोघं पाया पडली आणि उन्हात चालायला लागली. कोपऱ्यापर्यंत ती बाई एकदोनदा मागं वळून माझ्याकडे बघत होती. मग दिसेनाशी झाली.

मी दाराशी तशीच उभी राहिले. दादा, माझं बरोबर निघालं. मी म्हणाले होते, लोकांना सहन होणार नाही. झालं नाही. मी म्हणाले होते, आत्याला वाचव. तुझ्यामागं कुणीतरी वाचवली. मला हवा होता तोच शेवट मला मिळाला, महाराष्ट्रभर मिळाला, पुरणपोळीसकट. आणि मी इथं बसून तुला विचारते आहे की त्या बाईला पकडल्यावर ती काय म्हणाली असती, आणि तू उत्तर देत नाहीस.

आता सगुणाआत्यावर कुणी कधी संशय घेणार नाही. घेणारा सगळ्या जगात एकच माणूस होता, आणि त्यालाही मी रोज, भाजी निवडता निवडता, नको नको म्हणत होते.

तुझी,
यमू